मोंतायू : एका फ्रेंच खेड्याचा इतिहास आणि त्याचें साधन

फ्रान्सच्या दक्षिण सीमेजवळ, पिरेनीज पर्वताच्या उत्तर उतारावर, मोंतायू नांवाचें एक लहानसें खेडें आहे. आज त्याची कायम वस्ती पन्नासाच्याहि आंत आहे. मोठ्या लढायांच्या किंवा तहांच्या यादींत त्याचें नांव आढळत नाहीं. असें असूनहि मध्ययुगीन युरोपांतील ज्या खेड्यांचें अंतरंग आपणांस अत्यंत बारकाईनें कळलें आहे, त्यांत याची गणना अग्रभागीं होते. याचें श्रेय एका ग्रंथास आहे. एमान्युएल ल रुआ लादुरी या फ्रेंच इतिहासकारांनीं १२९४ ते १३२४ या तीस वर्षांतील मोंतायूचें वर्णन करणारा ग्रंथ १९७५ सालीं प्रसिद्ध केला. त्याच्या दोन लाखांहून अधिक प्रती खपल्या. लादुरी हे २०२३ सालीं, वयाच्या ९४ व्या वर्षीं, निवर्तले. ग्रंथ प्रसिद्ध होऊन अर्धशतक उलटलें असतां त्याचें शांतपणें मूल्यमापन करणें आतां शक्य आहे.

प्रस्तुत लेखकानें हा ग्रंथ बार्बारा ब्रे यांच्या १९७८ सालच्या इंग्रजी भाषांतरांतून वाचला. हें भाषांतर मुळाहून संक्षिप्त आहे. ही गोष्ट आरंभींच सांगण्याचें कारण असें कीं, एका भाषेंतील शब्द दुसऱ्या भाषेंत जातांना काय घडतें, हाच या परीक्षणाचा एक मुख्य विषय आहे.

प्रथम स्थलवर्णन. मोंतायू हें हल्लींच्या आरिएज जिल्ह्यांत, समुद्रसपाटीपासून सुमारें १३०० मीटर उंचीवर वसलें आहे. शेजारच्या प्राद गांवासह तो टापू आयों या नांवानें ओळखला जातो. हिवाळा दीर्घ आणि कडक. या उंचीवर द्राक्षवेल येत नाहीं, म्हणून दारू खालच्या प्रदेशांतून आणावी लागे. शेतांत गहूं, ओट व सलगम पिकत; परंतु गांवाचें खरें धन मेंढ्यांचें होतें. उन्हाळ्यांत कळप उंच कुरणांत चढत आणि हिवाळ्यांत मेंढपाळ त्यांना घेऊन पर्वत ओलांडून कातालोनियाच्या सखल भागांत उतरत. पश्चिमेस आक्स हें बाजाराचें गांव. टेकडीच्या माथ्यावर फ्वाच्या काउंटचा किल्ला होता आणि त्याच्या खालीं उतारावर घरें एकास एक लागून होतीं. लादुरींच्या अंदाजाप्रमाणें चौदाव्या शतकाच्या आरंभीं येथें दोनशें ते अडीचशें माणसें राहत.

या दुर्गम खेड्याकडे धर्मसत्तेचें लक्ष जाण्यास काथार पंथ कारण झाला. जगांत सत् व असत् अशीं दोन मूलतत्त्वें आहेत आणि हें दृश्य जग सत्प्रवृत्त ईश्वराची निर्मिति नव्हे, अशी या पंथाची श्रद्धा होती. त्याचे दीक्षित साधुपुरुष मांस व स्त्रीसंग वर्ज्य मानीत आणि मरणोन्मुख अनुयायांस अंतिम संस्कार देत. १२०९ ते १२२९ या वीस वर्षांत रोमच्या चर्चनें या पंथाविरुद्ध धर्मयुद्ध पुकारलें. १२४४ सालीं मोंसेग्युरचा किल्ला पडला आणि तेथें दोनशेंहून अधिक काथारांस जिवंत जाळण्यांत आलें. त्यानंतर पंथ जवळजवळ नामशेष झाला होता. पण १३०० च्या सुमारास आक्स येथील प्येर ओतिए व त्याचा भाऊ गियोम यांनीं डोंगराळ प्रदेशांत त्याचें पुनरुज्जीवन केलें. मोंतायूंतील अनेक घरें त्यांना अनुकूल झालीं. प्येर ओतिए याला १३१० सालीं जाळलें. तत्पूर्वीं १३०८ सालीं कार्कासोनच्या धर्मन्यायालयानें मोंतायूंतील बहुतेक सर्व प्रौढ रहिवाशांस एकदम अटक केली होती.

आतां या इतिहासाच्या साधनाकडे वळूं. झाक फूर्निए हा १३१७ सालीं पामिए येथील बिशप झाला. तो त्याच प्रदेशांत जन्मलेला असल्यामुळें आरोपींची ऑक्सितान बोली त्याला दुभाष्याशिवाय कळे. १३१८ ते १३२५ पर्यंत त्यानें आपल्या न्यायासनापुढें ९८ प्रकरणें चालविलीं. एकंदर ५७८ तपासण्या झाल्या; त्यांपैकीं ४१८ आरोपींच्या व १६० साक्षीदारांच्या. आरोपींपैकीं पंचवीस जण मोंतायूचे होते. शारीरिक यातनांचा उपयोग त्यानें फारसा केला नाहीं. परंतु अंधारकोठडी, बेड्या, मालमत्तेची जप्ति आणि अंगावर जन्मभर वागविण्याचे पिवळे क्रूस हीं साधनें त्याच्या हातीं होतीं, आणि पांच माणसें त्यानें चितेवर पाठविलीं. हाच फूर्निए पुढें १३३४ सालीं बारावा बेनेडिक्ट या नांवानें पोप झाला. त्यामुळेंच हें दप्तर पोपच्या ग्रंथसंग्रहांत सुरक्षित राहिलें. आज तें व्हॅटिकन ग्रंथालयांत लॅटिन हस्तलिखित क्रमांक ४०३० म्हणून आहे, आणि झां द्युव्हेरनुआ यांनीं १९६५ सालीं तीन खंडांत त्याचें संपादन केलें.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यांत भूमि, घर व मेंढपाळ यांचा विचार आहे. दुसऱ्यांत देह, विवाह, बालपण, मृत्यु, कालकल्पना, नीति व श्रद्धा यांचा. लादुरींचा सर्वांत मोलाचा सिद्धांत 'घर' या संस्थेविषयीं आहे. लॅटिन दप्तरांतील 'दोमुस' हा शब्द दगडमातीच्या वास्तूस आणि तींत नांदणाऱ्या कुळास सारखाच लागू होतो. मराठी वाचकास हें समजावून सांगावें लागत नाहीं. 'मोठ्या घरची' असें आपण म्हणतों तेव्हां आपल्या मनांत भिंती नसतात. मोंतायूंत क्लेर्ग हें असेंच मोठें घर. घरांतील कर्ता पोंस क्लेर्ग मरण पावला तेव्हां त्याच्या प्रेताचे केस व नखें कापून ठेवण्यांत आलीं. हेतु हा कीं घराचें भाग्य त्याच्याबरोबर जाऊं नये. पाखंडाचा प्रसार व्यक्तीव्यक्तींतून न होतां घराघरांतून झाला, हें लादुरींनीं उत्तम रीतीनें दाखविलें आहे. प्येर मोरी या मेंढपाळाचें चित्रहि असेंच संस्मरणीय आहे. राजांच्या वंशावळींपलीकडे जाऊन एका मेंढपाळाच्या विचारांस इतिहासांत स्थान देणें ही सामान्य कामगिरी नव्हे.

तथापि या ग्रंथावर आमचे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप भाषेसंबंधीं आहे. आरोपी ऑक्सितान बोले. लेखक त्याचें टिपण घेई. पुढें त्यावरून लॅटिन मसुदा होई. तो आरोपीस त्याच्या भाषेंत समजावून सांगत आणि शेवटीं चर्मपत्रावर शुद्ध प्रत उतरविली जाई. संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला येथें एक गोष्ट चटकन् जाणवते. संस्कृतांत दुसऱ्याचें बोलणें सांगावयाचें झाल्यास तें बहुधा जसेंच्या तसें देऊन शेवटीं 'इति' हा शब्द ठेवतात. वक्त्याचे शब्द कोठें संपले हें त्यामुळें ठरतें. लॅटिन दप्तराची रीत वेगळी. 'तिनें सांगितलें कीं' अशी सुरुवात झाली कीं पुढील वाक्यांत वक्त्याचे शब्द, लेखकाचे शब्द आणि न्यायालयाच्या ठरीव संज्ञा एकमेकांत मिसळून जातात. 'पाखंड' हा शब्द गुराख्याच्या तोंडचा कीं लेखकाच्या लेखणीचा, हें ठरविण्यास पुष्कळदां साधन उरत नाहीं. अनुयायी आपल्या साधूंना 'भले लोक' म्हणत. न्यायालय त्यांनाच 'पाखंडी' म्हणे. लादुरी ह्या जबान्या जिवंत, सरळ संभाषण म्हणून वाचकापुढें मांडतात. वाचन रसाळ होतें यांत शंका नाहीं; परंतु मूळ दप्तरांत जेथें 'इति' नाहीं तेथें ग्रंथकारानें आपल्या हातानें 'इति' घातला आहे, हें वाचकास क्षणोक्षणीं स्मरत नाहीं. प्रस्तावनेंत दप्तर कसें तयार झालें याचें वर्णन लादुरींनीं केलें आहे हें खरें. पण ती सावधगिरी प्रस्तावनेंतच राहिली आहे.

दुसरा आक्षेप साक्षीच्या प्रामाण्यासंबंधीं आहे व तो अधिक महत्त्वाचा आहे. आपल्या न्यायशास्त्रांत शब्द हें प्रमाण मानिलें आहे, परंतु तें आप्ताचें. वस्तु स्वतः जाणणारा आणि जाणल्याप्रमाणें सांगूं इच्छिणारा तो आप्त. हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ यांना सारखेंच लागू पडतें, असें भाष्यकार वात्स्यायनानें स्पष्ट केलें आहे. तेव्हां मोंतायूची निरक्षर शेतकरीण आप्त होऊं शकते काय, या प्रश्नास उत्तर 'होय' असेंच आहे. मात्र कोणत्या विषयांत, हें प्रत्येक वेळीं ठरविलें पाहिजे. बिशपापुढें उभ्या असलेल्या मनुष्यास आपली सुटका, आपली शेती, आपलीं मुलें दिसत असतात. ज्या गोष्टीचा जाब त्याला विचारला जात आहे त्या गोष्टीपुरता तो आप्त नव्हे. परंतु ज्या गोष्टीवर कोणाचेंहि भवितव्य अवलंबून नाहीं, जी बोलण्याच्या ओघांत सहज येऊन गेली, तिच्यापुरता तो उत्तम आप्त आहे.

उदाहरणानें हें स्पष्ट होईल. व्हुइसान तेस्तानिएर या स्त्रीनें एक प्रसंग सांगितला आहे. ऊन पडलें होतें. शेजारशेजारच्या घरांच्या छपरांवर दोन आया बसल्या होत्या आणि त्यांच्या मुली त्यांच्या डोक्यांतील उवा काढीत होत्या. बोलतां बोलतां एकीनें विचारलें कीं जळणाऱ्या माणसांस चितेवरच्या वेदना सहन कशा होतात. त्यावर दुसरीनें, त्या वेदना ईश्वरच आपल्याकडे घेतो, अशा अर्थाचें उत्तर दिलें. यांतील संवाद हा आरोप आहे. तोच ऐकण्यासाठीं न्यायालय बसलें होतें आणि तो सांगण्यांत साक्षीदाराचा हितसंबंध होता. तो अक्षरशः तसाच घडला असेंहि नाहीं, घडला नाहीं असेंहि नाहीं. परंतु छपरें बसण्याजोगीं सपाट होतीं, घरें इतकीं जवळ होतीं कीं छपरावरून छपराशीं बोलतां येई, उवा काढणें हें मुलीचें काम होतें व तें उघड्यावर होई, ह्या गोष्टी खोट्या सांगण्यांत कोणाचाहि लाभ नव्हता. त्या निःशंकपणें घ्याव्यात. लादुरी दोन्ही प्रकारचीं विधानें एकाच विश्वासानें घेतात.

याच्या उलट टोंकास आर्नो सिक्र आहे. काथार पंथाचा अखेरचा ज्ञात साधु गियोम बेलिबास्त हा पिरेनीजपलीकडे आश्रय घेऊन राहिला होता. त्याचा विश्वास संपादन करून सिक्रनें त्याला फसवून आणलें व पकडून दिलें. १३२१ सालीं व्हिलरूज येथें बेलिबास्तला जाळण्यांत आलें. सिक्रच्या आईला पाखंडासाठीं जाळलें होतें व तिचें घर जप्त झालें होतें. तें परत मिळविणें हा त्याचा हेतु होता. परागंदा झालेल्या मोंतायूकरांविषयीं आपणांस जें कळतें त्याचा मोठा भाग या मनुष्याच्या जबानीवर उभा आहे. अशा साक्षीदाराचें प्रत्येक वाक्य तराजूंत घालून पाहावयास हवें होतें.

तसेंच गांवचा धर्मगुरु प्येर क्लेर्ग. एकीकडे पंथाचा आश्रयदाता, दुसरीकडे कार्कासोनच्या न्यायालयाचा खबऱ्या, आणि बेआत्रिस द प्लानिसोल हिच्यासह अनेक स्त्रियांचा प्रियकर असें त्याचें चित्र ग्रंथांत अत्यंत ठळक उतरलें आहे. हा पुरुष बंदिवासांत मेला आणि त्याची स्वतःची जबानी या दप्तरांत नाहीं. त्याचें प्रत्येक वाक्य दुसऱ्यानें सांगितलेलें आहे. जो कैदेंत पडला आहे किंवा मेला आहे त्याच्या माथ्यावर दोष लोटणें हें आरोपींस सर्वांत सोपें असतें. याचा अर्थ क्लेर्ग निष्पाप होता असा नव्हे. परंतु ज्याची बाजू ऐकिलीच गेली नाहीं त्याच्या मनांतील हेतु इतक्या आत्मविश्वासानें लिहिणें हें इतिहासाच्या मर्यादेबाहेर जातें.

तिसरा आक्षेप काल व संख्या यांविषयीं. जबान्या १३१८ ते १३२५ च्या आहेत, पण त्यांत आलेल्या पुष्कळ घटना दहा ते वीस वर्षांपूर्वींच्या आहेत. मध्यंतरीं १३०८ ची सामुदायिक अटक होऊन गेली होती. बोलणारीं माणसें आपल्या मोडलेल्या गांवाच्या आठवणी सांगत होतीं. लादुरी या आठवणींतून एक स्थिर, जणूं कालाबाहेरचें खेडें उभें करतात. शिवाय दोनशें-अडीचशें वस्तींतील पंचवीस आरोपी म्हणजे सुमारें दहावा हिस्सा, आणि तोहि संशयित घरांतला. ज्या घरांवर संशय आला नाहीं तीं घरें दप्तरांत जवळजवळ मुकीं आहेत. म्हणून 'मोंतायूचें मत' असा प्रयोग ग्रंथांत येतो तेव्हां 'मोंतायूंतील कांहीं घरांचें मत' असें वाचकानें मनांत दुरुस्त करून घ्यावें.

यापूर्वींच्या टीकाकारांविषयीं दोन शब्द लिहिणें न्याय्य होईल. द्युव्हेरनुआ यांनीं लादुरींच्या लॅटिन वाचनांतील चुका दाखविल्या. नॅटली डेव्हिस यांनीं १९७९ सालीं या जबान्यांतील कथनकलेकडे लक्ष वेधलें. हस्तलिखितांचे अधिकारी अभ्यासक व पुढें व्हॅटिकन ग्रंथालयाचे प्रमुख झालेले लिओनार्ड बॉयल यांनीं १९८१ सालीं लादुरींच्या साधनवापराची कठोर तपासणी केली. मानववंशशास्त्रज्ञ रेनातो रोसाल्दो यांनीं १९८६ सालीं असें प्रतिपादिलें कीं बिशपाच्या सत्तेचा उल्लेख आरंभीं करून लादुरी पुढें तिला विसरतात. हें आम्हांस मान्य आहे. परंतु सत्तेच्या छायेंत बोललेलें सर्वच निरुपयोगी, इतक्या टोंकास कोणी जात असेल तर त्यास आमची संमति नाहीं. तसें मानल्यास जगांतील बहुतेक निरक्षर माणसें इतिहासांतून कायमचीं नाहींशीं होतील. कारण सत्तेनें प्रश्न विचारल्यावांचून त्यांचें बोलणें कागदावर क्वचितच आलें आहे. कार्लो गिन्झबुर्ग यांनीं धर्मन्यायाधीश व मानववंशशास्त्रज्ञ यांची तुलना केली आहे. ती याच अडचणीकडे बोट दाखविते. उपाय दप्तर टाकून देणें हा नसून, विचारलेलें आणि सहज बोललेलें यांची प्रत्येक पानावर निवड करणें हा आहे.

आपल्याकडील वाचकांस याचें प्रयोजन दुहेरी आहे. गोव्यांत पोर्तुगीजांचें धर्मन्यायालय १५६० पासून, मध्यंतरीं थोडा काळ वगळतां, १८१२ पर्यंत चाललें. पण त्याचीं बहुतेक दप्तरें नष्ट झालीं आहेत, आणि त्याच्यापुढें उभ्या राहिलेल्या कोंकणांतील खेडुतांचें बोलणें त्याबरोबरच गेलें. दुसरें असें कीं, आपल्या संग्रहांतील महजर व निवाडपत्रें यांतहि गांवच्या पाटलापासून बलुतेदारांपर्यंत अनेकांच्या साक्षी आहेत. त्यांतील वतनासंबंधींचें विधान हितसंबंधानें रंगलेलें असूं शकतें. परंतु बोलण्याच्या ओघांत आलेली शिवेची खूण, ओढ्याचें नांव, पडलेल्या पावसाची आठवण हीं बहुधा निर्मळ असतात. मोंतायूच्या ग्रंथानें अशा कणांचें मोल जगास पटविलें, हें त्याचें ऋण मान्य केलें पाहिजे.

आज जुन्या गांवाची जागा टेकडीवर ओसाड आहे. किल्ल्याच्या कांहीं भिंती उभ्या आहेत. हल्लींचीं घरें उतारावर खालीं आहेत, आणि गांवाबाहेर कार्नेसच्या मातेचें चर्च आहे. तेथें मोंतायूचे लोक आपल्या मृतांस नेत. ग्रंथ वाचून दूरदूरचे लोक हें ठिकाण पाहावयास जातात. त्यांना तेथें फारसें कांहीं दिसत नाहीं, कारण गांवाचा खरा वारसा रोममधील त्या चर्मपत्रांवर आहे. ज्यानें या गांवाचीं घरें रिकामीं केलीं त्याच मनुष्यानें त्याचें बोलणें जतन करून ठेविलें. ग्रंथाचें प्रत्येक पान वाचतांना हें वाचकाच्या ध्यानांत राहावें, इतकीच आमची अपेक्षा आहे. ती ठेवून वाचणारास हा ग्रंथ अवश्य वाचावा असें आम्हीं सुचवितों, आणि ज्याला शक्य असेल त्यानें त्यावरच न थांबतां द्युव्हेरनुआंच्या संपादित दप्तराकडे जावें.